पार्टी फुटली की उरतो तो ‘फेम’

भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूर तालुक्यात माझं फ्लेक्स, झेरॉक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान आहे. दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस दुकानात पाय ठेवायला जागा नसते. भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया, म्हणजे आमच्याकडच्या जत्रा, सुरू होतात आणि मंडई म्हटली की रात्री नाटक, नाहीतर दंडार, खडी गंमत, दुय्यम कव्वाली, ऑर्केस्ट्रा यातलं काहीतरी आलंच. सगळ्यांना पोस्टर एकाच आठवड्यात पाहिजे असतं. कोरलड्रॉमध्ये ती पोस्टरं करता करता एक शब्द माझ्या बोटांना इतका पाठ झालाय की डोळे मिटून टाईप होतो. तो शब्द म्हणजे ‘फेम’.

आमच्याकडे पार्टी म्हणजे गाण्याबजावण्याचं पथक, राजकारणातली नव्हे. अमुक पार्टी फेम गायक. तमुक रंगभूमी फेम विनोदवीर. बाहेरच्या माणसाला वाटेल, हा मानाचा शब्द. तसा तो आहेही. पण पोस्टर करणाऱ्याला त्याचा दुसरा अर्थ ठाऊक असतो: हा माणूस आता त्या पार्टीत नाही. पार्टीत असेपर्यंत कोणी ‘फेम’ लिहीत नाही. हिशोबावरून वाजलं, माणूस बाहेर पडला, की आठवड्याभरात दुकानात येऊन म्हणतो, “दादा, माह्या नावाखाली ते फेम टाकून दे गा.” जुन्या पार्टीचं नाव त्याला वापरता येत नाही आणि सोडूनही देता येत नाही. त्या दोन्हींच्या मध्ये जी वीतभर जागा उरते तिथं मी ‘फेम’ बसवतो.

फुटलेल्या पार्टीतल्या गायकाचं पुढं काय होतं, हा प्रश्न मला या एका शब्दामुळं पडत आला. त्याचा विचार करायला इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमपर्यंत जावं लागेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

२०२५ च्या जुलैत भाचा धानाच्या रोवणीसाठी नागपूरहून आला होता. पॉलिटेक्निकला आहे. खांद्यापर्यंत केस, काळा टी-शर्ट, त्यावर कवटी. २३ जुलैच्या सकाळी पोरगं बांधीत उतरायलाच तयार होईना. बहीण म्हणाली, “याचा कोणी मास्तर मेला म्हणते.” मास्तर म्हणजे ऑझी ऑस्बॉर्न, ब्लॅक सॅबथ या बँडचा गायक. आदल्या दिवशी, २२ तारखेला, तो गेला होता. त्याआधी अडीच आठवडे, ५ जुलैला, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क मैदानात खुर्चीवर बसून त्यानं शेवटचा कार्यक्रम केला होता. उभं राहणं शरीराला जमत नव्हतं. आणि त्या रात्री त्याच्यासोबत बँडचे पहिले तिघेही होते. भाच्यानं ते मोबाईलवर दाखवलं. मग संध्याकाळी ओट्यावर बसून सगळा इतिहास सांगितला आणि तो ऐकताना मला सारखी आमचीच माणसं दिसत राहिली.

ते संगीत, त्याला हेवी मेटल म्हणतात, मला फार आवडलं असं खोटं सांगणार नाही. पण अनोळखीही वाटलं नाही. आमच्याकडच्या पार्टीत इलेक्ट्रिक बेंजो असतो. भोंग्यातून तो सहन होईल त्याच्या पलीकडे वाढवला की जो फाटका, करवतीसारखा आवाज निघतो, तो ऐकून मोठे झालेले आम्ही लोक. हेवी मेटल हे त्याचं शहरात शिकायला गेलेलं भावंड म्हणा. त्या बँडचा गिटारवाला टोनी आयोमी सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. डावखुरा असल्यामुळं तारा दाबायचा हात नेमका तोच. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि पुढं तारा सैल करून वाजवायला लागला. त्या सैल तारांतून तो जड, खालचा आवाज आला, ज्यावर पुढं अख्खं घराणं उभं राहिलं. थ्रेशरमध्ये बोट गेलेला माणूस आमच्याकडे गावागणिक आहे. हे ऐकल्यापासून मी त्यांच्या हातांकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतो.

तर १९७९ च्या एप्रिलमध्ये या बँडनं ऑझीला काढून टाकलं. कारण दारू आणि नशा. बाकीचेही काही माळकरी नव्हते, पण ऑझी कामाचाच राहिला नव्हता हेही खरं. काढल्यावर तो लॉस एंजेलिसच्या हॉटेलच्या खोलीत पडदे ओढून पीत बसला. इकडे त्याच्या जागी रॉनी जेम्स डिओ आला आणि १९८० मध्ये बँडची नवी रेकॉर्ड आली. त्याच वर्षी ऑझीचीही स्वतःची पहिली रेकॉर्ड आली. दोन्ही चालल्या. पार्टी फुटून दोन्ही बांध्यांना पीक आलं, असं क्वचित होतं.

इथं आमचा गावठी निवाडा ठरलेला असतो: ज्याच्या गळ्यात दम, तो तरतो. मला हे पटत नाही. गळ्याच्या बाबतीत डिओ ऑझीपेक्षा कितीतरी वरचा होता, हे ऑझीचे चाहतेही कबूल करतात. ऑझी तरला कारण त्याच्यामागं शॅरन आर्डेन उभी राहिली. तिचा बाप डॉन आर्डेन ब्लॅक सॅबथचा मॅनेजर, स्वतःची रेकॉर्ड कंपनी असलेला. म्हणजे करार म्हणजे काय, सही कुठं करायची आणि कुठं नाही, हे जिच्या घरात रोज बोललं जायचं अशी बाई त्याच्या बाजूला आली. पुढं १९८२ मध्ये त्यांनी लग्न केलं. गळा त्याचा होता, पण कागद तिनं सांभाळला. कागद सांभाळणारं कोणी नसतं तर हॉटेलच्या त्या खोलीतून तो बाहेर आला असता की नाही, मला शंका आहे.

आणि नाव? नाव आयोमीकडे राहिलं. तीस वर्षांनी, २००९ मध्ये, ऑझीनं त्या नावातल्या अर्ध्या वाट्यासाठी आयोमीवर दावा ठोकला. पुढच्या वर्षी आपसांत मिटलं. डिओची गोष्ट आणखी मजेची. तो १९८२ मध्ये बँड सोडून गेला तेव्हा त्यानं नव्या बँडला आपलं स्टेजवरचं आडनावच दिलं. स्वतःच्या आडनावातून माणसाला कोण काढणार? पण २००६ मध्ये तो पुन्हा आयोमी आणि बँडचा बेसवाला गीझर बटलर यांच्यासोबत जमला तेव्हा त्यांनी ब्लॅक सॅबथ हे नाव लावलं नाही. त्याच माणसांनी, तीच गाणी, ‘हेवन अँड हेल’ या नावानं गायली. ते नाव त्यांच्याच जुन्या रेकॉर्डचं. याला आमच्याकडे काय म्हणतात ते वर सांगितलंच आहे.

अमेरिकेतल्या क्वीन्सराइक बँडचं तर आमच्या तालुक्यात शोभेल असं झालं. २०१२ मध्ये बँडनं गायक जेफ टेटला काढलं. त्यानंही त्याच नावानं दुसरा बँड काढला. काही काळ एकाच नावाच्या दोन पार्ट्या फिरत होत्या. २०१४ मध्ये तडजोड झाली: नाव उरलेल्यांकडे, आणि बँडचं एक गाजलेलं कथानक स्टेजवर सलग सादर करायचा हक्क फक्त टेटकडे. म्हणजे गायकाचं नाव गेलं पण त्याला गाण्यांचा एक तुकडा मिळाला, लिहून मिळाला. मी हे वाचलं आणि पहिला विचार आला की आमच्याकडे हा तुकडा कोणी कोणाला दिला असता?

आता आमच्याकडचं सांगतो. नाव घेत नाही. सगळे जिवंत आहेत आणि चौकात भेटतात.

आमच्या भागातली एक भजन-जागरणाची पार्टी. मालक भला माणूस, साऊंड त्याचा, गाडी त्याची, सुपारी तोच घ्यायचा. गायक शेतमजूर, दिवसा धान कापायचा, रात्री गायचा. मंडईच्या दिवसांत धान कापणी आणि कार्यक्रम एकाच वेळी येतात. कापणीची धूळ घशात, वरून दवात रात्रभर उघड्यावर गाणं. स्टेजच्या मागं प्लास्टिकच्या खुर्चीवर गळ्याला मफलर गुंडाळून, तोंडात ज्येष्ठमध धरून बसलेला तो मला अजून दिसतो. वरची पट्टी लागली की मंडपातल्या बाया पदर सावरून नीट बसायच्या. त्याला एका नाईटचे ठरलेले पैसे मिळायचे. बक्षीस वेगळं. आमच्याकडे गाणं चालू असताना लोक नोट घेऊन येतात आणि माईकवर पुकारा होतो, अमक्याकडून एक्कावन रुपये बक्षीस. ती नोट पेटीवर पडते. गायकाच्या गळ्याला दिलेली ती नोट पेटीवर पडली की कोणाची होते, हे आमच्या पार्टीत कधीच ठरलं नव्हतं. पार्टी शेवटी त्यावरूनच फुटली. लोकांनी काय म्हणावं? “त्याच्या गळ्यात हवा गेली.” दुसरं कोणी काही बोललं नाही.

पण माझी बोच वेगळी आहे. फुटण्याच्या आदल्या हंगामात त्या पार्टीच्या एका रात्रीचं शूटिंग झालं आणि ते यूट्यूबवर चढवायचं काम माझ्याकडे आलं. मालकानं व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पाठवला. मी तो तसाच खाली चिकटवला. पार्टीचं नाव, मालकाचा मोबाईल नंबर, साऊंड सर्व्हिस कोणाची, मंडप डेकोरेशन कोणाचं, शूटिंग कोणाचं, आयोजक मंडळ कोणतं. मी आपल्या दुकानाचं नावही टाकलं, फुकटात जाहिरात. साडेतीन तास त्यात एक माणूस गातोय आणि त्याचंच नाव नाही. माझ्या ते लक्षातही आलं नाही. व्हिडिओ चालला, भरपूर चालला. वर्षभरानं तो गायक दुकानात आला, मोबाईल माझ्यासमोर धरला आणि बोटानं मजकूर खाली सरकवत म्हणाला, “मी कोठी आहो गा यात?”

मी म्हटलं, मालकानं जसं दिलं तसं टाकलं. खरंच होतं ते. पण उत्तर नव्हतं.

हा प्रश्न त्याच्या एकट्याच्या हळवेपणाचा नाही. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीनं सादर करणाऱ्याचा हक्क आला. सादरकर्ता कोण, याची यादी वाचून मला हसू आलं होतं: नट, गायक, वादक, नर्तक, कसरत करणारा, जादूगार, अगदी गारुडीसुद्धा. साप खेळवणाऱ्याचा हक्क ज्यांना सुचला त्यांना आमचा भजनवाला सुचला नसेल असं नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं आणखी पुढचं दिलं. कलम ३८-बी सांगतं की सादर करणाऱ्याला आपली ओळख त्या सादरीकरणासोबत लावून घेण्याचा हक्क आहे. ज्या वापरात नाव देणं जमणारच नाही तिथं तेवढी सूट. त्याच्या परवानगीशिवाय त्याच्या जिवंत कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग करणं हाच मुळात भंग आहे, आणि हा हक्क पन्नास वर्षं टिकतो. म्हणजे त्या रात्री मी जे केलं, ते फक्त असभ्य नव्हतं, बेकायदा होतं. दुकानाच्या भिंतीवर शॉप ॲक्टचं सर्टिफिकेट लावून मी ते केलं.

बरं, आमचा गायक तरी कुठं पूर्ण कोरडा? निम्म्या भजनांच्या चाली सिनेमातल्या. शब्द बदलून गातात सगळेच. त्यात हक्काची भाषा करायची म्हणजे उसन्या बैलानं नांगरून वाटा मागण्यासारखं, असं एक जण मला म्हणाला. बोललं ते झकास, पण गैरलागू आहे. चाल कोणाची हा एक प्रश्न, आणि त्या रात्री थंडीत उभं राहून ती कोणी गायली हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यावर अवलंबून नाही.

मालकाची बाजूही नीट मांडली पाहिजे, नाहीतर हा लेख म्हणजे गायकाच्या बाजूनं केलेलं भाषण होईल. साऊंडचं कर्ज मालक फेडतो. इसार घेतल्यावर पाऊस आला, गावात मयत झाली, कार्यक्रम रद्द झाला, तर इसार परत करायचा तोच. टाळेबंदीची दोन वर्षं गेली तेव्हा गायकानं धान तरी कापलं. मालकाच्या साऊंडच्या पेट्या घरात धूळ खात होत्या आणि हप्ते चालूच होते. पार्टीचं नाव त्यानं पंधरा-वीस वर्षं सांभाळलेलं असतं, त्या काळात तीन गायक बदललेले असतात. गायक गेला म्हणून नावही जावं, हे मला मान्य नाही. नाव मालकाचं राहू द्या. आयोमीचं राहिलंच की. माझं म्हणणं एवढंच आहे की नाव, नाईट, बक्षीस आणि रेकॉर्डिंग या चार वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्याकडे त्या एकाच गाठोड्यात बांधून मालकाच्या गाडीत टाकतात, आणि पार्टी फुटली की ते गाठोडं गाडीसोबतच जातं.

याचा खरा फटका तरुणपणी कळत नाही. गळा चालू असेपर्यंत दुसरी पार्टी मिळते. पन्नाशीनंतर कळतो. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांसाठी मानधन योजना आहे. आधी राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक असे तीन वर्ग होते, स्थानिक कलावंताला महिन्याला २२५० रुपये मिळायचे. २०२४ मध्ये सगळ्यांना सरसकट ५००० केले. चांगलं केलं. पण अर्जासोबत तुम्ही कलावंत आहात याचा पुरावा लागतो. पुरावा म्हणजे पोस्टर, पत्रिका, प्रमाणपत्र, कात्रण. आणि तो शोधत माणसं कुठं येतात? माझ्याकडे. “दादा, दहा वर्षांमागचा माह्या नावाचा एखादा पोस्टर हाय का गा कॉम्प्युटरमधी?”

मी शोधतो. जुनी हार्ड डिस्क लावतो. पोस्टर सापडतं. त्यावर पार्टीचं नाव असतं, मालकाचा हात जोडलेला फोटो असतो, प्रमुख पाहुण्यांचे पासपोर्ट फोटो ओळीनं असतात, त्यात गेल्या निवडणुकीत पडलेलेही असतात. ढोलकीवाला नसतो. कोरस नसतो. कित्येकदा गायकही नसतो, नुसतं ‘आणि संच’ असतं. तीस वर्षं ज्यानं ढोलकी वाजवली तो ‘आणि संच’ मध्ये विरघळलेला. मी प्रिंट काढून देतो आणि पैसे घेत नाही, पण त्या कागदाचा त्याला उपयोग नाही हे मला माहीत असतं. पोस्टरवर नाव टाकायचं की नाही हा आम्ही मानापमानाचा विषय समजतो. तो पेन्शनचा विषय आहे.

आयर्न मेडन या बँडचा पहिल्या दोन रेकॉर्डवरचा गायक पॉल डिआनो. १९८१ मध्ये त्याला काढलं. नवा गायक आला आणि बँड जगभर पोचला. डिआनो पुढची चाळीस वर्षं लहान-मोठ्या हॉलमध्ये त्या दोन रेकॉर्डची गाणीही गात राहिला. शेवटी पाय गेले, तो व्हीलचेअरवर आला. चाहत्यांनी वर्गणी करून क्रोएशियात उपचार केले आणि तो व्हीलचेअरवरून पुन्हा गायला. २०२४ च्या ऑक्टोबरात वारला. ‘फेम’ हा शब्द आयुष्यभर कसा पुरवायचा, त्याचं हे उदाहरण म्हणा. पण त्याच्या त्या दोन रेकॉर्डच्या पाकिटावर त्याचं नाव छापलेलं होतं, म्हणून जगाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला त्याची आठवण ठेवता आली. आमच्या गायकाच्या आवाजावर कोणी इतकं प्रेम केलंच, तर वर्गणी पाठवायची कोणाला? मंडप डेकोरेशनवाल्याला?

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती सरकारकडेही आहे. तमाशा, दशावतार, खडी गंमत, शाहिरी, झाडीपट्टी (म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातली नाटकं) अशा पथकांना राज्याकडून भांडवली खर्चासाठी आणि प्रयोगांसाठी अनुदान द्यायची योजना आहे. ते अनुदान पथकाला मिळतं, म्हणजे चालवणाऱ्याला. मिळू द्या. पण अर्जासोबत एक पान जोडल्याशिवाय देऊ नका: पथकात कोण कोण आहे, कोण काय करतो, नाईटचे किती, कार्यक्रम रद्द झाला तर किती, बक्षिसाची वाटणी कशी, रेकॉर्डिंग झालं तर कोणाकोणाचं नाव खाली येणार आणि त्यातून पैसे आले तर कोणाला किती. खाली सगळ्यांच्या सह्या, ज्याला येत नाही त्याचा अंगठा. हेच पान पुढं मानधनाच्या अर्जाला पुरावा म्हणून धरा. सरकारला यासाठी नवा पैसा लागत नाही. २०२३ मध्ये झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही फटाके फोडले होते, मी स्वतः अभिनंदनाचे फ्लेक्स छापले. त्या सन्मानाचा आनंद खराच. पण झाडीपट्टीत एका रात्री पडद्यामागं आणि पुढं मिळून जी माणसं राबतात, त्यातल्या प्रत्येकाला पद्मश्री नाही मिळणार. एक पान मिळू शकतं.

हे मी बोललो की समोरून एकच उत्तर येतं, “कायले लिवाचं गा? आपून का भांडणार आहो?” लिहून घेणं म्हणजे अविश्वास, हा आमचा समज पक्का आहे. गंमत अशी की हेच लोक बाकी सगळं लिहून घेतात. शेत ठेक्यानं देताना कागद होतो. थ्रेशर लावला तर किती पोती निघाली ते पाटीवर कोळशानं लिहितात. लग्नात आहेर कोणी किती दिला त्याची वही तर तीस तीस वर्षं जपतात, आणि त्या वहीमुळं नाती तुटली असं मी ऐकलं नाही. उलट त्या वहीवरच नाती चालतात. आवाज तेवढा आम्ही भरवशावर ठेवतो. कारण तो मोजता येत नाही म्हणून, की तो बहुतेक वेळा गरिबाचा असतो म्हणून? मला दुसरं कारण जास्त खरं वाटतं.

कोर्टात कोण जाणार, असंही विचारतात. कोणीच नाही. भंडाऱ्याला तारखेला जायचं म्हणजे मजुरीचा दिवस बुडाला. पण कागदाचं बरंचसं काम कोर्टाबाहेरच होतं. ज्या पार्टीत बक्षिसाचं आधी ठरलेलं असेल तिथं पेटीवर पडलेल्या नोटेकडे सगळे एकाच नजरेनं बघतील, एवढं झालं तरी बरंच.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझीच बाजू थोडी लंगडी पडते. गायकाला न्याय मिळाला की सगळं सुरळीत होईल, असं नाही. ऑझीच्या पहिल्या दोन स्वतंत्र रेकॉर्डवर बेस वाजवला बॉब डेझ्लीनं आणि ड्रम लावले ली केर्स्लेकनं. गाणी रचण्यातही त्यांचा हात होता, बरेच शब्द डेझ्लीचे. दुसरी रेकॉर्ड बाजारात आली तेव्हा पाकिटावर नावं आणि फोटो दुसऱ्याच दोघांचे होते, कारण मधल्या काळात या दोघांना काढून टाकलं होतं. ते पैशासाठी कोर्टात गेले. मग २००२ मध्ये जुन्या रेकॉर्ड पुन्हा काढताना त्यांचं वाजवलेलं पुसून नव्या वादकांकडून ते भाग पुन्हा वाजवून घेतले. ज्याला स्वतःच्या पार्टीनं काढलं होतं, त्याच्याच नावावर हे झालं. चाहत्यांनी इतका आरडाओरडा केला की २०११ मध्ये मूळ वाजवणं परत आणावं लागलं. केर्स्लेक पुढं कॅन्सरनं आजारी पडला. त्या रेकॉर्डच्या प्लॅटिनम तबकड्या भिंतीवर लावायला मिळाव्यात असं त्यानं ऑझीला पत्र लिहिलं, आणि ऑझीनं त्या पाठवल्या. २०२० मध्ये केर्स्लेक गेला. भाच्याला हा भाग सांगायला आवडला नाही. मी दोनदा विचारल्यावर बोलला.

आमचा गायकही आता मालक झालाय. त्यानं स्वतःच्या नावाची पार्टी काढली, मागच्या हंगामात. साऊंड अजून दुसऱ्याचा, पण पार्टी त्याची. मला आनंदच झाला. दिवाळीआधी तो फ्लेक्स करायला आला, दहा बाय सहाचा. मी खुर्ची दिली, चहा मागवला. त्यानं खिशातून कागद काढून मजकूर वाचून दाखवला: वर देवाचा फोटो, मध्ये त्याचा मोठा फोटो माईक धरलेला, खाली जुन्या पार्टीचं नाव आणि फेम, मग मोबाईल नंबर, साऊंड सर्व्हिस, सौजन्य. मी सगळं बसवलं. त्याचा फोटो छान आला होता, मफलर तोच.

मी विचारलं, “ढोलकीवाल्याचं नाव?”

तो थांबला. “थो लाखांदूरचाच हाय ना. आपला पोरगा.”

“आणि बेंजोवाला? कोरसवाल्या दोघी?”

“जागा कोठी हाय गा दादा आता?”

स्क्रीनवर खरंच जागा नव्हती. मी माऊसनं त्याच्या फोटोचा कोपरा धरला आणि आत ओढला. फोटो लहान होत गेला तसा तो खुर्चीत पुढं सरकला. खांद्याजवळ बोटभर पट्टी मोकळी झाली. मी त्याच्याकडे बघितलं. तो बराच वेळ स्क्रीनकडेच बघत होता, मग खिशातून मोबाईल काढून ढोलकीवाल्याला लावला आणि म्हणाला, “तुहं पूर्ण नाव का हाय बे?”